खासगी भांडवल, सार्वजनिक जामीन

सरकारी तिजोरीत पैसा नाही, म्हणून रस्ते, पूल, मेट्रो, विमानतळ बांधायचे तर खासगी भांडवलाला सोबत घेतल्यावाचून गत्यंतर नाही, हे मत आज महाराष्ट्रात जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. सत्ताधारी आणि विरोधक एरवी कशावरही भांडोत, यावर त्यांचे एकमत असते. वर्तमानपत्रांचे अग्रलेख त्याला दुजोरा देतात, आणि टोलनाक्यावर रांगेत उभा राहिलेला नागरिकही नाइलाजाने का होईना, तेच मानतो.

या मताचे खंडन करणे हा या लेखाचा हेतू आहे. खासगी कंपन्यांनी सार्वजनिक कामे करू नयेत, असे माझे म्हणणे नाही. ठेकेदार म्हणून त्या ती पिढ्यानपिढ्या करत आल्या आहेत आणि पुढेही करतील. माझा आक्षेप सरकार आणि खासगी कंपनी यांच्या भागीदारीच्या अर्थकारणाला आहे. भागीदारीमुळे सरकारचा पैसा वाचतो आणि जोखीम कंपनीच्या खांद्यावर जाते, ही दोन गृहीतके या मताच्या मुळाशी आहेत, आणि दोन्ही तपासाला टिकत नाहीत. पैसा शेवटी जनतेच्याच खिशातून जातो. जोखीम कागदावर कंपनीकडे जाते, पण प्रकल्प अडचणीत आला की ती जनतेकडे परत येते.

पूर्वपक्ष

ज्याचे खंडन करायचे त्याची बाजू आधी पूर्ण ताकदीने मांडली पाहिजे. भागीदारीच्या समर्थकांचे चार मुद्दे आहेत आणि त्यांतला एकही पोकळ नाही.

पहिला मुद्दा पैशाचा. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा पगार, निवृत्तिवेतन आणि व्याजावर जातो. उरलेल्यात शाळा, दवाखाने, सिंचन भागवायचे. मग पूल आणि मेट्रो कंपनीने स्वतःच्या पैशाने बांधावी आणि वापरणाऱ्यांकडून तो पैसा वसूल करावा, यात वावगे काय? दुसरा मुद्दा कार्यक्षमतेचा. जो बांधतो त्यालाच पुढे ३० वर्षे देखभाल करायची असेल, तर तो निकृष्ट काम करून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार नाही. तिसरा मुद्दा जोखमीचा. खर्च वाढला, वाहने कमी आली, काम रेंगाळले, तर तोटा कंपनीचा, करदाता सुरक्षित. चौथा मुद्दा शिस्तीचा. मतांसाठी आखलेल्या निरुपयोगी प्रकल्पाला बँका कर्ज देणार नाहीत, त्यामुळे वाईट प्रकल्प आपोआप गळून पडतील.

दाखलेही आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू हे सरकारी महामंडळाने ठेका देऊन करून घेतलेले काम. २००० साली ते सुरू झाले तेव्हा अंदाज ६६० कोटींचा होता. २००९ मध्ये सेतू खुला झाला तोवर खर्च १,६०० कोटींच्या पुढे गेला होता. उलट दिल्ली विमानतळाचे तिसरे टर्मिनल भागीदारीतून अवघ्या ३७ महिन्यांत उभे राहिले. समर्थक विचारतात, यातले कोणते चांगले?

पैसा कोणाचा?

कर्ज उभारणे आणि खर्च भागवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी कंपनी फक्त पहिली करते. आज लागणारी रक्कम ती बाजारातून उभी करते. ती रक्कम परत फेडण्याचे मार्ग दोनच आहेत: वापरणाऱ्याने दिलेला टोल किंवा भाडे, नाहीतर सरकारने करातून दिलेले हप्ते. तिसरा स्रोत अस्तित्वात नाही. सरकारने स्वतः कर्ज काढून पूल बांधला असता तरी तोच टोल लावता आला असता आणि त्याच टोलमधून कर्ज फिटले असते. भागीदारीने पैसा निर्माण होत नाही. भविष्यातला महसूल कोणाच्या नावावर जमा होणार, एवढेच बदलते. एदुआर्दो एंगेल, रोनाल्ड फिशर आणि अलेक्झांडर गालेतोविच या चिलीच्या तीन अर्थतज्ज्ञांनी हा युक्तिवाद विस्ताराने मांडला आहे, आणि त्याला समाधानकारक उत्तर माझ्या तरी वाचनात नाही.

बदलणारी आणखी एक गोष्ट म्हणजे व्याज. हिशेबासाठी समजू, १,००० कोटींचे काम आहे आणि ते २० वर्षांत फेडायचे आहे. राज्य सरकार ७ टक्क्यांनी कर्ज काढू शकत असेल, तर वार्षिक हप्ता सुमारे ९४ कोटी येतो. खासगी कंपनीने ७० टक्के रक्कम १० टक्क्यांच्या कर्जातून आणि ३० टक्के रक्कम १५ टक्के परतावा मागणाऱ्या भागभांडवलातून उभी केली, तर भांडवलाचा सरासरी भाव साडेअकरा टक्के पडतो आणि वार्षिक हप्ता १३० कोटींच्या घरात जातो. वर्षाला ३५ कोटींचा फरक, २० वर्षांत ७०० कोटींचा. एक वीटही जास्त न लावता काम इतके महाग होते.

ब्रिटनचा अनुभव असाच आहे. तिथे १९९२ मध्ये या पद्धतीने रुग्णालये, शाळा आणि तुरुंग बांधण्याचे धोरण सुरू झाले. २०१८ च्या जानेवारीत तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला: ७०० हून अधिक करार, त्यांचे भांडवली मूल्य सुमारे ६० अब्ज पौंड, आणि २०४० च्या दशकापर्यंत सरकारने अजून द्यायचे हप्ते १९९ अब्ज पौंड. हप्त्यांत देखभाल आणि सेवाही धरलेल्या असतात, हे खरे. पण शाळांच्या एका गटाचा खर्च सरकारी कर्जाने केलेल्या कामापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त पडल्याचेही त्याच अहवालात नोंदले आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी असे नवे करार बंद करत असल्याचे जाहीर केले. ज्या देशाने ही पद्धत जगाला दिली त्यानेच ती सोडली.

इथे समर्थकांतले अभ्यासू लोक एक बिनतोड वाटणारे उत्तर देतात. सरकारचे कर्ज स्वस्त असते ते सरकार कार्यक्षम असते म्हणून नव्हे, तर बुडणारी रक्कम करदात्यांकडून वसूल करण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो म्हणून. म्हणजे जोखीम सरकारी कर्जातही असतेच, फक्त ती करदात्याच्या माथी असते आणि व्याजात दिसत नाही. खासगी भांडवलाचा जास्तीचा भाव ही त्या जोखमीची उघड किंमत आहे.

हे उत्तर मला मान्य आहे, पण एका अटीवर. जास्तीचा भाव दिल्यानंतर जोखीम खरोखर आपल्यावरून उतरली पाहिजे. विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे भरायचा आणि आग लागल्यावर नुकसानही आपणच सोसायचे, तर तो हप्ता कशासाठी भरला? म्हणून सगळा वाद अखेर एकाच प्रश्नाशी येऊन ठेपतो: जोखीम खरोखर हस्तांतरित होते का?

जोखीम कोणाची?

भागीदारीचा करार मोठ्या उद्योगसमूहाशी होत नाही. तो समूह प्रकल्पापुरती एक स्वतंत्र कंपनी काढतो आणि करार तिच्याशी होतो. तिच्या भांडवलात मालकांचा वाटा साधारण एकतृतीयांश किंवा त्याहून कमी, बाकी कर्ज. कंपनी बुडाली तर मालकांचे नुकसान त्यांच्या वाट्यापुरते. पण मेट्रो बंद पडली, पाणी थांबले, वीज गेली, तर सरकारला हात झटकता येत नाहीत. एका बाजूला तोट्याला मर्यादा आहे आणि निघून जाण्याची मुभा आहे; दुसऱ्या बाजूला दोन्ही नाहीत. अशा दोघांच्या भागीदारीत शेवटची जोखीम कोणाकडे राहणार, हे कराराच्या पहिल्या पानाआधीच ठरलेले असते.

पुढची पाने ते पक्के करतात. राष्ट्रीय महामार्गांच्या ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ कामांसाठी केंद्राने आदर्श करारनामा तयार केला. त्यातले करार संपुष्टात आणण्याचे कलम फारसे कोणी वाचत नाही. रस्ता सुरू झाल्यानंतर कंपनीच्या स्वतःच्या कसुरीमुळे करार मोडला, तरी थकीत कर्जाच्या ९० टक्के रक्कम सरकारी प्राधिकरण देते. कसूर सरकारची असेल तर संपूर्ण कर्ज आणि भागभांडवलाच्या दीडपट रक्कम द्यावी लागते. ज्या प्रसंगासाठी जोखीम हस्तांतरित केली, तोच प्रसंग आला की नव्वद टक्के कर्ज सार्वजनिक खात्यावर येते. धनको बँकेला हे ठाऊक असते. मग प्रकल्प कसून तपासण्याची निकड तिला का वाटावी? चौथ्या मुद्द्यातली बँकांची शिस्त इथेच ढिली होते.

भारतात त्यात आणखी एक पदर आहे. पायाभूत सुविधांना कर्ज देणाऱ्या बँकांत सरकारी बँकाच पुढे होत्या. २०१८ च्या मार्चमध्ये बँकांची बुडीत कर्जे एकूण कर्जाच्या ११ टक्क्यांच्या पुढे गेली, त्यात रस्ते आणि वीज प्रकल्पांचा मोठा भाग होता. त्याआधीच, २०१७ च्या ऑक्टोबरात, केंद्राला सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटींच्या भांडवल भरणीची योजना जाहीर करावी लागली होती. २०१८ मध्येच आयएल अँड एफएस हा या क्षेत्रातला अग्रणी समूह ९० हजार कोटींहून अधिक कर्जासह कोसळला. एलआयसी त्याची सर्वांत मोठी भागधारक होती. खासगी म्हणवल्या गेलेल्या भांडवलाच्या मुळाशी ठेवीदारांचा आणि विमेदारांचा पैसा होता.

महाराष्ट्राला हा धडा सर्वांच्या आधी मिळाला. १९९२ मध्ये एन्रॉन ही अमेरिकी कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात दाभोळच्या वीज प्रकल्पासाठी सामंजस्य करार झाला, १९९३ च्या डिसेंबरात वीज खरेदी करार. दरातला मोठा हिस्सा डॉलरशी बांधलेला होता, आणि वीज केंद्र उपलब्ध असेल तर वीज घेतली नाही तरी त्याचे पैसे मंडळाने द्यायचे होते. वर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी. म्हणजे मागणीची जोखीम, विनिमय दराची जोखीम आणि इंधनाच्या भावाची जोखीम, तिन्ही सरकारी बाजूला. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले होते. शिवसेना-भाजप युती सरकारने १९९५ मध्ये करार रद्द केला आणि काही महिन्यांत फेरवाटाघाटी करून तो पुन्हा स्वीकारला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि वीज केंद्र बंद पडले. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी सर्व व्यवहाराची चिकित्सा करून धोरण आणि प्रशासनातल्या चुका दाखवून दिल्या. एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. कर्ज दिलेल्या भारतीय वित्तसंस्थांत स्टेट बँक आणि आयडीबीआय होत्या. अखेर २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना नवी कंपनी काढून ते केंद्र ताब्यात घ्यावे लागले.

एन्रॉन हा अपवाद होता, असे म्हणून तो बाजूला सारतात. मग दिल्लीच्या विमानतळ मेट्रोकडे पाहावे. २००८ मध्ये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या नेतृत्वाखालील कंपनीशी ३० वर्षांचा करार झाला, २०११ मध्ये गाडी धावू लागली, २०१२ मध्ये बांधकामातल्या दोषांमुळे काही महिने बंद राहिली, आणि २०१३ च्या जुलैपासून ती दिल्ली मेट्रो महामंडळ चालवत आहे. ३० वर्षांचा भागीदार गाडी सुरू झाल्यापासून अडीच वर्षांच्या आत बाहेर पडला. २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने सुमारे २,८०० कोटींचा निवाडा दिला. व्याजासह ती रक्कम ८ हजार कोटींच्या आसपास पोचली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा कायम ठेवला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये उपचारात्मक याचिकेवर तो रद्द केला. अशी याचिका मान्य होणे किती दुर्मीळ असते हे वकिलांना विचारावे. ज्या धोरणात सरकारी महामंडळाची सुटका न्यायालयाच्या शेवटच्या पायरीवरच्या दुर्मीळ निकालावर अवलंबून राहते, त्याला जोखमीचे हस्तांतरण म्हणता येत नाही.

हैदराबादची मेट्रो तर लार्सन अँड टुब्रोसारख्या नावाजलेल्या कंपनीकडे होती. सुमारे ६९ किलोमीटरचे काम तिने पूर्ण केले आणि गाडी नीट चालवलीही. तरी तोटा साचत गेला आणि २०२५ च्या सप्टेंबरात तेलंगण सरकारने तिचे सुमारे १३ हजार कोटींचे कर्ज स्वतःकडे घेऊन प्रकल्प ताब्यात घेण्याचे तत्त्वतः ठरवले. इथे कंपनी वाईट होती असे कोणी म्हणणार नाही. करारच असा होता की यश आले तर कंपनीचे आणि अपयश आले तर सरकारचे.

बोली आणि फेरबोली

समर्थक म्हणतात, स्पर्धात्मक निविदा हे या सगळ्यावरचे औषध आहे. पण तीस वर्षांच्या करारात निविदेच्या दिवशी सांगितलेला आकडा ही फक्त सुरुवात असते. एकदा काम हाती आले की स्पर्धा संपते आणि वाटाघाटी सुरू होतात. होसे लुईस गुआश यांनी जागतिक बँकेसाठी लॅटिन अमेरिकेतल्या १९८५ ते २००० दरम्यानच्या हजाराहून अधिक करारांचा अभ्यास केला. वाहतुकीतले ५५ टक्के आणि पाणीपुरवठ्यातले ७४ टक्के करार पुन्हा वाटाघाटीला आले, आणि तेही सरासरी दोन-सव्वादोन वर्षांतच. हे कळल्यावर शहाणा बोलीदार काय करील? आज अवाच्या सवा बोली लावून काम मिळवील आणि उद्या सवलत मागील.

आपल्याकडे नेमके हेच झाले. किशनगड-उदयपूर-अहमदाबाद महामार्गासाठी जीएमआर कंपनीने पहिल्या वर्षी ६३६ कोटी रुपये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला देण्याची बोली लावली होती. काम सुरू होण्याआधीच ती त्यातून बाहेर पडली. अशा अनेक बोलीदारांसाठी २०१४ मध्ये केंद्राने कबूल केलेल्या रकमा पुढे ढकलून देण्याची सवलत दिली. ज्याने प्रामाणिक बोली लावली तो हरला आणि ज्याने फुगवून लावली त्याला सूट मिळाली.

करार कसा फसवा असू शकतो याचा दाखला दिल्ली-नोएडा उड्डाणमार्गाने दिला. १९९७ च्या करारात कंपनीला प्रकल्प खर्चावर वर्षाला २० टक्के परताव्याची हमी होती, आणि वसुली कमी पडली तर तूट खर्चातच मिळवायची होती. चारशे कोटींच्या घरातला पूल. लोक टोल भरत गेले तरी येणे रक्कम वाढतच गेली, कारण सूत्रच तसे होते. २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल थांबवला आणि २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलच्या वेगाचेही असेच आहे. ते वेळेत झाले हे मान्य. पण खर्चातली ३,४०० कोटींहून अधिक तूट प्रवाशांवर विकास शुल्क लावून भरून काढली गेली, हे कॅगने २०१२ मध्ये दाखवले. भागीदाराने आणायच्या भांडवलाची जागा प्रवाशाच्या पैशाने घेतली.

इतके तोटे असूनही ही पद्धत सरकारांना का आवडते? कारण तिचे देणे आजच्या कर्जात दिसत नाही. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने २००४ मध्ये ठरवले की बांधकामाची आणि उपलब्धता वा मागणी यांपैकी एक जोखीम खासगी भागीदाराकडे असेल, तर तो प्रकल्प सरकारी ताळेबंदाबाहेर ठेवता येईल. तुटीची मर्यादा पाळायची आणि फीतही कापायची, असा तो मार्ग होता. आपल्याकडे राजकोषीय उत्तरदायित्वाच्या कायद्यांनी कर्जाला मर्यादा घातली, पण करारांतून येणाऱ्या पुढच्या तीस वर्षांच्या दायित्वांना तशी मर्यादा नाही. ज्या निर्णयाची किंमत त्याच्या कर्त्याला मोजावी लागत नाही, तो निर्णय सैलपणे घेतला जातो.

मुंबईचा दाखला

मुंबईत दोन्ही पद्धती एकाच शहरात, एकाच काळात वापरल्या गेल्या. त्यामुळे तुलना करायला लांब जायला नको.

शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू भागीदारीतून बांधायचे ठरले. २००८ मध्ये दोन बोली आल्या: एकाने ९ वर्षे ११ महिने टोल मागितला, दुसऱ्याने ७५ वर्षे. एकाच पुलाच्या दोन अंदाजांत इतकी तफावत असेल, तर त्या ‘बाजाराने ठरवलेल्या किमती’वर विश्वास कसा ठेवायचा? ती निविदा रद्द झाली. पुन्हा प्रयत्न झाला. २०१३ मध्ये पात्र ठरलेल्या पाच समूहांपैकी एकानेही बोली लावली नाही. अखेर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) जपानच्या जायका संस्थेकडून अल्प व्याजाचे कर्ज घेतले, ठेकेदार नेमले, आणि २०१८ मध्ये सुरू झालेले काम मधली कोविडची साथ धरून सहा वर्षांत पुरे झाले. २१.८ किलोमीटरचा तो अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. भागीदार शोधण्यात गेलेल्या वर्षांत त्याचा खर्च वाढत गेला, हा त्या पद्धतीच्या खात्यावर मांडायचा तोटा आहे.

चारकोप-वांद्रे-मानखुर्द मेट्रोची पायाभरणी २००९ मध्ये झाली. भागीदाराने काम सुरूच केले नाही आणि २०१४ मध्ये करार रद्द झाला. एमएमआरडीएने सार्वजनिक पैशातून तीच वाट पुन्हा आखली. २-अ मार्गिका २०२३ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली. वरळी-हाजी अली सेतू २०१० मध्ये भागीदारीत दिला गेला आणि कधीच बांधला गेला नाही. त्या किनाऱ्यावर आज महापालिकेने स्वतःच्या पैशाने केलेला सागरी किनारा मार्ग आहे. वांद्रे-वरळी सेतूच्या वाढलेल्या खर्चाचा दाखला देणाऱ्यांनी त्याच्याच पुढच्या टप्प्याचे भागीदारीत काय झाले, हेही सांगितले पाहिजे.

भागीदारीतून उभी राहिली ती वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. २,३५६ कोटींच्या अंदाजावर केंद्र आणि राज्याने ६५० कोटींचे अनुदान मंजूर केले. २०१४ मध्ये गाडी सुरू झाली आणि लगेच भांडण लागले. खर्च ४,३०० कोटींवर गेल्याचा कंपनीचा दावा, करारातले ९ ते १३ रुपयांचे भाडे नाकारून नवे भाडे, मग न्यायालय, मग लवाद. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कंपनीचा ७४ टक्के हिस्सा सुमारे ४ हजार कोटींना विकत घेण्यास मान्यता दिली आणि काही महिन्यांत तो विचार सोडला. गाडी उत्तम भरून धावते, मुंबईकरांना तिचा मोठा उपयोग आहे. पण खर्चवाढीची आणि भाड्याची जोखीम कंपनीकडे गेली असती, तर ही भांडणे उद्भवलीच नसती.

एक आक्षेप

यावर सांगितले जाते की दोष पद्धतीचा नाही, राजकारण्यांचा आहे. कोल्हापुरात शहरातल्या रस्त्यांवर ३० वर्षांचा टोल लावला गेला, प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले आणि टोल रद्द झाला. २०१५ मध्ये राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट दिली. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. कबूल केलेला टोल सरकारच बुडवते, मग कंपनीने काय करावे?

कंपनीची तक्रार रास्त आहे. म्हणूनच तिला भरपाई मिळते. पण हा आक्षेप माझ्याच बाजूचा पुरावा आहे. तीस वर्षांचा करार सहा विधानसभांना व्यापून उरतो. लोकशाहीत पुढच्या पिढीच्या मतदाराला आज असे बांधून ठेवता येत नाही, आणि कोल्हापूरकरांनी तसे बांधून घेण्यास नकार दिला यात त्यांची चूकही नाही. मतदाराचा कौल बदलणे ही या पद्धतीतली अटळ जोखीम आहे, आणि तिचा भार करारानेच सरकारवर टाकलेला असतो. टोल माफ होतो तेव्हा खर्च नाहीसा होत नाही. तो वाहनधारकाकडून करदात्याकडे सरकतो. वाशीच्या नाक्यावरून जाणाऱ्या मोटारीची माफी गडचिरोलीत गोडेतेल घेणारी मजूर बाई भरते, आणि तिला ते कोणी सांगत नाही.

मग काय करावे?

खंडनानंतर मंडन हवेच. सरकारी पद्धत निर्दोष आहे असा माझा दावा नाही. वांद्रे-वरळी सेतूचा खर्च वाढलाच होता. पण सरकारी काम अर्थसंकल्पात दिसते, कॅग ते तपासते, विधिमंडळात त्यावर प्रश्न विचारता येतो, आणि ठेकेदार नालायक निघाला तर बदलता येतो. म्हणून माझी भूमिका अशी: मेट्रो, पाणी, वीजवाहिन्या अशा ज्या सेवा एक दिवसही थांबू देता येत नाहीत, त्या सार्वजनिक कर्जातून बांधाव्यात आणि बांधकामाचे ठेके खासगी कंपन्यांना द्यावेत. वापरणारा थेट पैसे देतो आणि कामाचा दर्जा मोजता येतो, अशा ठिकाणीच भागीदारीचा विचार व्हावा, आणि तोही चार अटींवर.

पहिली अट, निविदेआधी तुलना. तेच काम सरकारी कर्जातून केले तर किती पडेल, याचा हिशेब प्रसिद्ध झाल्याशिवाय भागीदारीचा निर्णय होऊ नये.

दुसरी अट, सगळी देणी पुस्तकात. हमी, वार्षिक हप्ते आणि करार मोडल्यास द्यावी लागणारी रक्कम राज्याच्या कर्जासोबत दरवर्षी अर्थसंकल्पात मांडावी आणि तिला मर्यादा असावी. ब्राझीलने २००४ च्या कायद्यात अशा हप्त्यांना सरकारी उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पुण्यात हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो भागीदारीतूनच होत आहे. ही शिस्त तिच्यापासून सुरू करता येईल.

तिसरी अट, मुदतीऐवजी रकमेवर बोली. चिलीने १९९८ मध्ये सांतियागो ते वालपाराइसो-विन्या देल मार या महामार्गासाठी ही रीत वापरली. जो सर्वांत कमी एकूण वसुली मागेल त्याला काम, आणि आजच्या मूल्यात तेवढी रक्कम जमली की करार संपला. वाहने कमी आली तर मुदत आपोआप वाढते, जास्त आली तर लवकर संपते. फेरवाटाघाटीला निमित्त उरत नाही, आणि सरकारला रस्ता मध्येच परत घ्यायचा असेल तर किती द्यायचे हेही आधीच ठरलेले असते.

चौथी अट, उघडेपणा. मूळ करार, त्यातली प्रत्येक दुरुस्ती आणि टोलची वसुली लोकांसमोर असावी. व्यापारी गुपित म्हणून ती झाकता येऊ नये. कोणतीही दुरुस्ती स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाच्या लेखी संमतीशिवाय होऊ नये. महाराष्ट्राला प्रादेशिक असमतोलावरील समितीमुळे परिचित असलेले डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ मध्ये भागीदारीचा फेरआढावा घेतला. ही समिती भागीदारीची विरोधक नव्हती. तरीही जोखीम जो पेलू शकतो त्याच्याकडेच ती द्यावी, फेरवाटाघाटीला नियम असावेत, आणि नागरिकांना सेवा देण्याची जबाबदारी टाळण्यासाठी सरकारने ही पद्धत वापरू नये, असेच तिचेही म्हणणे होते.

सरकारकडे पैसा नाही, हे कारण यापुढे कोणी दिले तर त्याला एवढेच विचारावे: प्रकल्प बुडाला तर कोणी, किती पैसे आणि कोणत्या कलमानुसार भरायचे आहेत? हे उत्तर लेखी आणि आकड्यांत मिळेपर्यंत अशा कोणत्याही कराराच्या बाजूने आपल्या आमदाराने, नगरसेवकाने हात वर करू नये, असा आग्रह प्रत्येक मतदाराने धरला पाहिजे. त्या करारावर सही मंत्री करतो, पण जामीन आपण राहतो.